खिशातला फ्यूज

माझे सासरे मला कधीच आवडले नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ही बाई फार सेवाभावी वगैरे वाटायला नको. ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मोठे साहेब होते आणि मी बदलापूर गावातल्या आगऱ्याची मुलगी. लग्नाच्या बोलणीला आले तेव्हा त्यांनी माझ्या बापाला विचारलं होतं, मुलीला टेबलावर बसून जेवायची सवय आहे का? बाप हसला आणि त्याने चहाचं बघायला आत हाक मारली. तो प्रश्न मी अजून गिळलेला नाही, गिळणारही नाही.

आणि नशीब बघा, शेवटी त्या टेबलावर आम्ही दोघंच उरलो. सासूबाई गेल्या. नवरा गुजरातेत दहेजच्या प्लांटला, महिन्यातून कधीतरी उगवणार. बदलापूरच्याच हेंद्रेपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी आणि बाबा. बाबांचं डोकं हळूहळू सुटत चाललं होतं. सकाळी पेपरातला अग्रलेख वाचून त्यातल्या चुका काढतील आणि दुपारी मला विचारतील, ऑपरेटर, लाइन का बंद आहे? एकदा गॅस उघडा ठेवून झोपले. एकदा पायजम्यावरच खाली उतरून एमआयडीसीच्या शेअर रिक्षात कामगारांच्या मांडीला मांडी लावून बसले. रिक्षावाला ओळखीचा निघाला म्हणून परत आले. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या गाऊनच्या खिशात.

मला हे जमत होतं ते केवळ माझं काम घरून होतं म्हणून. विम्याचे क्लेम तपासायचे, कागद बरोबर आहेत का बघायचं, पुढे ढकलायचे. ऑफिस ऐरोलीला. घरच्या इंटरनेटवरून ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरायचं तर मध्ये व्हीपीएन लागतं, म्हणजे बाहेरच्या कुणाला दिसणार नाही असा आपला बंदिस्त रस्ता. तो रस्ता सुरू झाला की मी ऑफिसात, नाही झाला की मी नुसती घरात बसलेली बाई.

त्या आठवड्यात ऑफिसने फतवा काढला. जुनं व्हीपीएन बंद, सगळ्यांनी नवीन टाकून घ्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ज्यांचं चालू होणार नाही त्यांनी सोमवारपासून रोज ऑफिसला यायचं. माझ्या मॅनेजर बाईंनी मला वेगळा फोन करून हे ऐकवलं. त्यांच्या आवाजात असं काही होतं, जणू मी घरी पाय पसरून लोळत असते.

मी रोज ऐरोलीला गेले तर बाबांजवळ कोण? नणंद उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. आजूबाजूला सगळे सिंधी व्यापारी, त्यांच्यात राहून ताईंचं बोलणंही तसंच झालंय, एका वाक्यात सौदा मिटवायचा. त्यांनी वांगणीच्या पुढे एक संस्था बघून ठेवली होती. म्हातारी माणसं ठेवतात तिथे. "तुझं मशीन चालू झालं तर ठीक," त्या म्हणाल्या, "नाहीतर सोमवारी सकाळी गाडी पाठवते. फायनल." जसं काही पडद्याचं कापडच पाठवायचंय. तुम्ही दोन तास येऊन बसाल का, मी जरा हे नीट करून घेते, असं विचारलं तर म्हणाल्या सीझन आहे गं. त्यांचा सीझन बारा महिने असतो.

नवऱ्याला सांगितलं तर तो फोनवर रडला. बाबांना तिथे टाकू नको म्हणाला. मोठा बाप्या रडायला लागला की मला काही सुचत नाही. अरे, मग ये ना इकडे आणि बस त्यांच्यापाशी! पण ते मी बोलले नाही. खरं सांगायचं तर संस्थेचं ऐकून माझ्या छातीवरचा दगड क्षणभर हलला होता. दारं उघडी टाकून झोपेन, दुपारी एकटी जेवेन, असं सगळं मनात येऊन गेलं. फक्त एका फालतू सॉफ्टवेअरमुळे हे घडावं आणि गावभर मात्र बोभाटा व्हावा की आगऱ्याच्या पोरीने सासऱ्याला घराबाहेर काढलं, हे मला मंजूर नव्हतं. काढायचंच असेल तर मी काढेन, माझ्या तोंडाने सांगून काढेन.

बुधवारी बसले. जुनं काढलं, नवीन टाकायला लावलं. हिरवी पट्टी सरकत सरकत गेली आणि लाल चौकट आली. नेटवर्क अडॅप्टरचा ड्रायव्हर इन्स्टॉल होऊ शकला नाही. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला नव्या यंत्राची ओळख करून देणारा मध्यस्थ. इथे तर यंत्रही खरं नव्हतं. व्हीपीएन स्वतःचं एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतं आणि विंडोजला सांगतं, हे बघ, हे नवीन बसवलंय. विंडोज म्हणत होतं, मी ह्याला ओळखत नाही. परत केलं, परत लाल चौकट.

ऑफिसच्या हेल्पडेस्कला फोन लावला. तिकडून एक हिंदी बोलणारा माणूस, इतका थंड की बर्फाच्या गाडीवर बसवावा. दोन्ही हात कीबोर्डवर हवेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. त्याने लांबून माझा स्क्रीन ताब्यात घेतला, बराच वेळ काहीबाही साफ केलं, मग म्हणाला, इन्स्टॉलेशन फेल झालंय मॅडम, आता रिपेअरवर क्लिक करा. मी क्लिक केलं. पट्टी अर्ध्यावर आली, डोक्यावरचा पंखा मंदावला आणि स्क्रीन काळा ठिक्कर.

लाईट गेली. माझ्या लॅपटॉपला बॅटरी नव्हती. जुनी फुगली म्हणून ऑफिसचा माणूस काढून घेऊन गेला होता आणि नवीन महिनोन्‌महिने अप्रूव्हलमध्ये अडकली होती. लाईट गेली की लॅपटॉप जागच्या जागी गार, वायफायही गार. मी गॅलरीत जाऊन वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बदलापुरात लाईट गेली तर कुणी कारण विचारत नाही, आमच्या ते पाचवीलाच पुजलेलं आहे. परत आत आले तर लाईट आलेली. बाबा आपल्या खुर्चीत पेपर धरून बसलेले. पेपर उलटा होता का सुलटा, मी बघितलंही नाही.

मशीन चालू केलं तर आता लाल चौकटीबरोबर आणखी एक निरोप, आधीचं इन्स्टॉलेशन अर्धवट आहे. परत हेल्पडेस्क, परत सगळं पहिल्यापासून, परत रिपेअर आणि परत काळोख. गुरुवारीही तेच. रोजचे बाकीचे तास लाईट व्यवस्थित, टीव्ही चालतोय, फ्रिज चालतोय. मी त्या ड्रायव्हरला हात घातला रे घातला की गेलीच. तळपायाची आग मस्तकात जात होती. वीज कंपनीच्या ऑफिसला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, तुमच्या भागात काही फॉल्ट नाही. मी तिला म्हटलं, मग काय मी अंधाराचं नाटक करतेय? तिने फोन ठेवला.

हेल्पडेस्कवाल्याने आमच्या तक्रारीखाली लिहून ठेवलं की युजर स्वतःच मधेच कनेक्शन तोडते, सहकार्य करत नाही. ते मॅनेजर बाईंनी वाचलं. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. गोड आवाजात म्हणाल्या, घरचे प्रॉब्लेम आम्हाला समजतात, पण काम टाळायचं असेल तर सरळ सांगावं. मी इतकी वर्षं त्यांच्या पुढ्यात एक चुकीचा क्लेम जाऊ दिलेला नाही आणि ही बाई मला कामचोर म्हणते! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढं कळलं की शुक्रवारी झालं नाही तर माझी बाजू ऐकणारं तिथे कुणी उरलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून बसले. हेल्पडेस्कचा तोच थंडोबा. त्याने मला डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं, म्हणजे कॉम्प्युटरला काय काय जोडलंय त्याची जागा, आणि लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली. तेव्हा ती दिसली. एकाखाली एक, फिकट राखाडी, माझ्या प्रत्येक अर्धवट प्रयत्नाचं एक एक मेलेलं नेटवर्क कार्ड. आमच्या गावातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्यांची नावं अशीच चढून बसलेली असतात आणि ती निघाल्याशिवाय जिवंत माणसाचं नाव लागत नाही. विंडोजचंही तेच दुखणं होतं. जुनी मढी हटल्याशिवाय ते नव्याला घरात घेत नव्हतं. मी एकेक करून सगळी उडवली. त्याने त्यांच्या मागे राहिलेल्या फायली पुसल्या. फार बरं वाटलं. मग तो म्हणाला, आता पुन्हा रिपेअर करूया मॅडम.

पट्टी सरकायला लागली आणि पंखा बंद पडला.

ह्या वेळी मी गॅलरीत गेले नाही. जागेवरच बसून राहिले, कारण रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. त्या शांततेत भिंतीपलीकडे शेजारणीचा मिक्सर घरघरत होता. तिच्याकडे इन्व्हर्टर नाही, मला पक्कं माहीत आहे. तिचा मिक्सर चालतो आणि माझा पंखा चालत नाही?

उठून पॅसेजमध्ये गेले. आमच्याकडे दाराजवळ अजून तो जुना लाकडी बोर्ड आहे, चिनी मातीच्या फ्यूजवाला. काढून टाका म्हणून वायरमन कधीचा सांगतोय. बोर्डासमोर बाबा उभे होते. पाठ बोर्डाला, पाय फाकलेले, चेहरा साहेबाचा. बोर्डातली फ्यूजची जागा रिकामी आणि त्यांचा उजवा हात पायजम्याच्या खिशात, मूठ आवळलेली.

माझं डोकं फिरलं. तीन दिवस मी अख्ख्या बदलापूरला शिव्या घातल्या आणि चोर घरातच पेपर वाचत बसला होता. द्या इकडे, मी ओरडले. ते हलले नाहीत. मी त्यांचा हात धरून खिशातून ओढायला गेले. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. आमची चक्क झटापट झाली. मी तोंडाला येईल ते बोलले. सोमवारी गाडी येतेय तुम्हाला न्यायला, म्हटलं, बसा तिथे वांगणीला फ्यूज काढत. तिकडे फोनच्या स्पीकरवरून तो माणूस हॅलो मॅडम, हॅलो मॅडम करत होता.

बाबा घाबरले नाहीत. उलट माझ्यावरच डाफरले. "रिपेअरला मशीन उघडलंय आणि फ्यूज बोर्डात? कुणी शिकवलं तुला काम?"

मी हात सोडला. मग ते जरा खाली आवाजात समजावू लागले, नवीन कामगाराला समजावतात तसं. नेहमीचं काम चालू असेल तर चालू दे, त्याला कुणी हात लावत नाही. पण मशीन फेल झालं, रिपेअरला घेतलं, की आधी फ्यूज काढायचा आणि काम संपेपर्यंत खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कुणी येऊन चालू करणार नाही. कारखान्यात तसाच नियम होता. आता मला उलगडलं. रोज मी टकटक करत बसते तेव्हा ते ढुंकूनही बघत नाहीत. ह्या तीन दिवसांत माझ्या खोलीतून स्पीकरवर फेल आणि रिपेअर ऐकू आलं की साहेब उठत होते, फ्यूज काढून माझी राखण करत होते, आणि मी मशीनपासून उठून गॅलरीत गेले की परत लावत होते. माझे हात तुटू नयेत म्हणून त्यांनी माझी नोकरी तोडायला घेतली होती.

मी म्हटलं, बाबा, हा लॅपटॉप आहे, ह्यात हात नाही अडकत. ते ऐकतच नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे गेली होती.

"रंगाचा मोठा मिक्सर साफ करत होते," ते म्हणाले. "फिटर पाणी प्यायला बाहेर आला. फ्यूज त्याच्या खिशात होता. मी मागितला. त्याने दिला."

मी विचारलं, मग?

"आत दुसरा माणूस होता."

त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरलं आणि तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत हे ह्या घरात कुणी बोललं नव्हतं. सासूबाई नाही, नवरा नाही, सगळे मूग गिळून बसलेले. किंवा त्यांनाही माहीत नसेल. मला त्यांची दया आली असं नाही. मला त्या आतल्या माणसाची आली. तो आता कुठे असेल, कोणत्या हाताने जेवत असेल, हेच डोक्यात आलं. आणि ह्या माणसाने तेव्हाही साहेबाच्या आवाजातच मागितलं असणार, म्हणून तर त्या फिटरने दिला.

पण पट्टी अर्ध्यावर होती आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता. मी विचारलं, फ्यूज कुणाच्या खिशात ठेवायचा, नियम काय आहे? ते लगेच म्हणाले, ज्याचा हात आत त्याच्या खिशात. मग मशीनमध्ये हात माझा आहे, म्हटलं, फ्यूज तुमच्या खिशात कसा? त्यांनी विचार केला. मग खिशातून मूठ काढली आणि फ्यूज माझ्या हातावर ठेवला. चिनी माती त्यांच्या घामाने ओली झाली होती.

आता हा खिशात ठेवला तर लाईट कशी येणार, हा घोळ होताच. बाबांच्या पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात जुने स्क्रू, वायशर, तुटके सॉकेट, साहेबांचा खजिना. त्यातून एक तडकलेला जुना फ्यूज शोधला. त्यांच्या समोर तो माझ्या गाऊनच्या खिशात टाकला, किल्लीच्या शेजारी, आणि त्यांच्या समोरच खरा फ्यूज बोर्डात बसवला. मला वाटलं आता पुन्हा गोंधळ घालतील. लाईट आली, पंखा फिरला, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त माझ्या खिशावर हात ठेवून आत काही आहे का ते चाचपलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

थंडोबा फोनवरून गेला होता. परत लावला, परत रांगेत उभी राहिले, परत तोच मिळाला. लाईट परत जाणार का मॅडम, त्याने विचारलं. नाही जाणार, म्हटलं, तू काम कर. अर्धवट राहिलेलं शेवटचं मढं उडवलं, मशीन बंद करून चालू केलं, नवीन टाकायला घेतलं. पट्टी अर्ध्यावर आली, अर्धं ओलांडलं. विंडोजने विचारलं, हे उपकरण बसवायचं का? बसव बाई, बसव. बसलं. कोपऱ्यातलं चिन्ह हिरवं झालं आणि माझे साचलेले क्लेम भराभर समोर येऊन पडले. मी मॅनेजर बाईंना फक्त स्क्रीनचा फोटो पाठवला, वर एक शब्द लिहिला नाही. त्यांनी अंगठा पाठवला. तो अंगठा बघून अजून डोक्यात तिडीक जाते.

मग ताईंचा फोन आला. सोमवारी गाडी सकाळी लवकर येईल, कपडे भरून ठेव, स्वेटर टाक, तिकडे गारवा असतो. मी म्हटलं गाडी नको. त्या म्हणाल्या, म्हणजे झालं का तुझं? झालं, म्हटलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, त्यांचाच बाप. पण त्या म्हणाल्या, अगं, मी ॲडव्हान्स बोलून बसलेय, आता काय सांगू त्यांना? तुम्हीच जाऊन राहा, म्हटलं, आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दिवस चांगले गेले.

मी काम करत बसले. दिवेलागणीला बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. केस विंचरलेले, शर्ट आत खोचलेला. इन केलेला शर्ट मी त्यांच्या अंगावर कितीतरी दिवसांनी बघत होते. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर.

"झालं ना काम? फ्यूज दे."

तोच आवाज होता, टेबलावर जेवायची सवय आहे का विचारणारा. माझा हात नकळत खिशाकडे गेलासुद्धा. मग मी थांबले. कीबोर्डवरचा दुसरा हात तसाच ठेवला आणि म्हटलं, नाही देणार. माझा हात अजून आत आहे.

ते तळवा तसाच धरून उभे राहिले. मग हात खाली गेला.

"बरोबर," ते म्हणाले. "द्यायचा नाही. मी मागितला तरी द्यायचा नाही."

आणि दारातच खाली बसले, पाठ चौकटीला टेकून, माझ्याकडे पाठ आणि पॅसेजमधल्या बोर्डाकडे तोंड करून. जेवायला उठवलं तेव्हा म्हणाले, आधी तू मशीन बंद कर.